कोमल धैवतावरचं स्टेशन

मंद्रातला पंचम, तिथून उडी मारून गंधार, पुन्हा तोच पंचम, मग सा, ग. पाच सुरांत सगळं शुद्ध, सगळं ओळखीचं. एखादं बालगीतसुद्धा असं सुरू होऊ शकेल. पण पुढचा सूर लागतो तो मंद्रातला कोमल धैवत. लागतो आणि तिथेच रेंगाळतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बोट चुकून काळ्या पट्टीवर पडलं.

पण समोर पेटी नव्हती. समोर अंकल होते, धोबीतलावच्या एका जुन्या इमारतीतल्या त्यांच्या खोलीत, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत. ते गात होते: "सोल... मी, सोल दो मी... सोल शार्प." गोव्याहून आलेल्या त्यांच्या पिढीतल्या बहुतेक वादकांसारखेच तेही गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत सूर वाचायची पाश्चात्त्य पद्धत, शिकले होते. पुढे आयुष्यभर ट्रम्पेट वाजवला, आधी हॉटेलांत आणि मग हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत. मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा त्यांचे पुढचे दात गेले होते. दात गेले की ट्रम्पेटवाल्याच्या ओठांना आधार उरत नाही, फुंक धरत नाही. म्हणून ते गायचे. मी तेव्हा कॉलेजात होते, गिरगावात गाणं शिकत होते, आणि त्यांच्या दो-रे-मीचा माझ्या सारेगमशी मेळ घालायचा मला नाद लागला होता. त्यांचा सोल शार्प म्हणजे माझा कोमल धैवत.

"आयक गो बाय," ते म्हणाले, "हांगा सोल शार्प आसा. हे स्टेशन सोडलंस तर गाडी चुकली."

गाडी म्हणजे 'टेक द ए ट्रेन'. अमेरिकन जॅझ पियानोवादक ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने ही रचना १५ फेब्रुवारी १९४१ रोजी हॉलिवूडमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. सगळी मिळून तीन मिनिटांहून थोडी कमीच भरते. त्या तीन मिनिटांवर मी गेली तीस वर्षं परत परत जाते आहे. स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडांच्या नाचत्या जॅझच्या, काळातल्या रेकॉर्डिंगबद्दल कुणी विचारलं की मला दुसरं काही आठवतच नाही.

पंधरा माणसं होती. तीन ट्रम्पेट-कॉर्नेटवाले, तीन ट्रोम्बोनवाले, पाच जण सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटचे, शिवाय गिटार, बास, ड्रम्स आणि पियानोवर स्वतः एलिंग्टन. ही पंधरा जणांची फौज म्हणजे बिग बँड. आपल्याकडे मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनच्या रांगेतला माणूस रांगेतच विरघळतो. एलिंग्टनकडे तसं नव्हतं. त्याच्या वादकांना मिळणाऱ्या नोटेशनच्या कागदांवर बऱ्याचदा वाद्याचं नाव नसायचं, वादकाचं असायचं, तेही टोपणनाव. म्हणजे हा भाग दुसऱ्या आल्टो सॅक्सोफोनसाठी नाही, या अमुक माणसाच्या फुंकेसाठी लिहिला आहे. माणूस बदलला की कागद बदलायला हवा. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

ही रचना मात्र एलिंग्टनची नाही. ती बिली स्ट्रेहॉर्नची आहे. पिट्सबर्गमध्ये औषधांच्या दुकानात काम करून संगीत शिकलेला हा मुलगा डिसेंबर १९३८ मध्ये एलिंग्टनला त्याच्या कार्यक्रमाच्या वेळी भेटला. पियानोवर त्याने एलिंग्टनचीच रचना आधी एलिंग्टनसारखी वाजवून दाखवली आणि मग स्वतःच्या पद्धतीने. तेवीस वर्षांचा होता. एलिंग्टनने त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. हार्लेममधल्या घरी कसं यायचं याच्या सूचना दिल्या, त्यात आठव्या अव्हेन्यूखालून जाणारी 'ए' गाडी पकड असं सांगितलं, आणि त्या सूचनेतूनच ही रचना निघाली, असं सांगतात. शहर नवं, नोकरी नवी, हातात पत्ता. गावाहून पहिल्यांदा व्हीटीला उतरलेल्या आणि दादरला कुठली लोकल जाते हे खिशातल्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा बघणाऱ्या कुणालाही हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही.

स्ट्रेहॉर्नने ती लिहिली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. फ्लेचर हेंडरसन या दुसऱ्या बँडवाल्याच्या धाटणीची झाली असं त्याला वाटलं. एलिंग्टनचा मुलगा मर्सर तेव्हा स्ट्रेहॉर्नबरोबर एकाच खोलीत राहायचा. त्याने तो कागद टोपलीतून काढला, असं मर्सरनेच पुढे सांगितलं.

काढण्याचं कारण कलेपेक्षा व्यवहाराचं होतं. अमेरिकेत गीतकार-संगीतकारांच्या वतीने हक्काचे पैसे गोळा करणारी 'अ‍ॅस्कॅप' नावाची संस्था होती. तिने रेडिओवाल्यांकडे दर वाढवून मागितला. रेडिओवाल्यांनी उलट १ जानेवारी १९४१ पासून तिच्या सभासदांच्या रचना वाजवायच्याच बंद केल्या. एलिंग्टन सभासद होता. एका रात्रीत त्याची स्वतःची सगळी पुंजी रेडिओसाठी मुकी झाली. रेडिओ नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर पुढच्या गावचं निमंत्रण नाही. मग सभासद नसलेले दोघे तरुण, स्ट्रेहॉर्न आणि मर्सर, रात्रंदिवस बसून नवा संग्रह तयार करायला लागले. १५ फेब्रुवारीच्या त्याच बैठकीत ध्वनिमुद्रित झालेल्या 'ब्लू सर्ज' आणि 'जम्पिन पंकिन्स' या रचना मर्सरच्या आहेत. 'ए ट्रेन' बँडची ओळखधून बनली आणि शेवटपर्यंत राहिली. ज्या माणसाच्या नावाने ती जगभर ओळखली जाते त्याने ती लिहिलेली नाही, आणि ज्याने लिहिली त्याने फेकून दिली होती. मला यात दुःख वाटत नाही. त्या दोघांची संगत इतकी एकजीव होती की एकाचा हात कुठे थांबतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो हे त्या काळच्या रचनांत कान लावूनही सापडत नाही.

त्या काळचं रेकॉर्डिंग कसं चालायचं ते मला अंकलनीच खोलीत दाखवलं. चार खुर्च्या मांडल्या, एक स्टूल ठेवलं, आणि एका रिकाम्या बाटलीला माइक केलं. आज वीस माइक लावतात, प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक असतो, आवाज नंतर जुळवतात. तेव्हा आवाज जुळवायचे ते माणसं हलवून. ड्रम्स मागे, पितळी वाद्यं त्यांच्या पुढे, सॅक्सोफोन आणखी पुढे. एकट्याने वाजवायची पाळी आली की त्याने उठून माइककडे यायचं आणि संपलं की पाय न वाजवता परत जायचं. सुई थेट तबकडीत खाच कोरत जायची. चुकलं तर दुरुस्ती नाही, पुसणं नाही, पंधराच्या पंधरा जणांनी पुन्हा पहिल्यापासून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं बसायची. युनियनच्या नियमाने तीन तासांची एक बैठक, आणि तेवढ्यात चार बाजू भरायच्या असा रिवाज होता.

या तीन मिनिटांशी आपलीही जुनी ओळख आहे. तासभर राग फुलवणाऱ्या आपल्या गायक-गायिकांना त्याच वर्षांत याच चौकटीत बसावं लागलं. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून पृथ्वीबाहेर पाठवलेल्या तबकडीत ती आहे आणि लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेटही आहे. गोव्याच्या केरी गावची बाई आणि न्यू ऑर्लिन्सचा माणूस, दोघं एकाच तबकडीवर. अंकलना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली, जणू यात वेगळं काही घडण्याची शक्यताच नव्हती.

आता तबकडीत खरोखर काय आहे ते ऐकू.

सुरुवातीला पियानोचे चार बार, चार मात्रांचा एक असे. पायाखालची जमीन जरा सरकवणारे सूर. मग सॅक्सोफोन एका आवाजात मुखडा घेतात, आणि पितळी वाद्यं मध्ये मध्ये तुटक हाक घालतात. मुखडा, पुन्हा मुखडा, अंतरा, परत मुखडा. प्रत्येक आठ बारचा, एकूण बत्तीस. खाली जिमी ब्लँटनचा बास चालतो. ब्लँटन तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि बास नुसता ठेका धरण्यासाठी नसतो, तो बोलू शकतो, हे त्यानेच दाखवून दिलं होतं. पुढच्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, तो क्षयाने गेला. मी ती तबकडी ऐकताना कधी कधी सगळं सोडून फक्त त्याच्या पावलांवर लक्ष ठेवते.

दुसऱ्या बत्तीस बारांत म्यूट, म्हणजे तोंडावर बसवायचं आवाज दाबणारं झाकण, लावलेला ट्रम्पेट येतो. हा रे नान्स. त्याच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

एलिंग्टनच्या बँडमध्ये कूटी विल्यम्स नावाचा ट्रम्पेटवाला अकरा वर्षं होता. १९४० च्या नोव्हेंबरात तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला. ही बातमी इतकी मोठी ठरली की रेमंड स्कॉट नावाच्या दुसऱ्या बँडवाल्याने त्यावर एक रचनाच केली. त्या रिकाम्या खुर्चीवर शिकागोचा नान्स आला. ट्रम्पेट वाजवायचा, व्हायोलिन वाजवायचा, गायचा, नाचायचा. तो बँडमध्ये आल्या आल्याच, ७ नोव्हेंबर १९४० रोजी, नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावी बँडचा कार्यक्रम होता. दोन तरुण चाहते परवानगी काढून, तबकडी कोरायचं यंत्र उचलून घेऊन तिथे गेले. त्यामुळे नान्सचे अगदी पहिले दिवस आज ऐकायला मिळतात. अजून हात बसायचा आहे हे त्यात कळतं.

आणि तीनच महिन्यांनी हॉलिवूडमध्ये तो हे वाजवतो. मोठं काही नाही. म्यूटमुळे आवाज कानाजवळ येतो, कुणी शेजारी बसून सांगावं तसा. मुखड्याच्या आसपास हिंडतो, एखादा सूर जरा ओढून धरतो, सोडतो, हसतो. खाली सॅक्सोफोन हलकेच वाहत राहतात. मग सगळा बँड एक वळण घेतो आणि षड्जच बदलतो: सी वरून ई फ्लॅटवर, म्हणजे आधी जिथे कोमल गंधार होता तिथे आता सा येऊन बसतो. उजेड वाढल्यासारखं होतं. नान्सने आता म्यूट काढलेला असतो, आणि सॅक्सोफोनच्या मुखड्याला तो उघड्या ट्रम्पेटने उत्तरं देतो.

जॅझचा सगळा अभिमान उपजेचा. काल वाजवलं ते आज वाजवायचं नाही. पण नान्सने त्या दिवशी वाजवलेलं मात्र रचनेचा भागच होऊन बसलं. पुढे दशकानुदशकं 'ए ट्रेन' वाजवणारे ट्रम्पेटवाले नान्सची ती जागा जशीच्या तशी घेत राहिले. लोकांना तीच हवी होती. हे का होतं ते मराठी माणसाला चटकन कळावं. नाट्यपदात एखाद्या मोठ्या गायकाने एका प्रयोगात उत्स्फूर्त घेतलेली जागा तबकडीवर आली की पुढच्या प्रत्येकाला ती घ्यावीच लागते. ती घेतली नाही तर प्रेक्षागृहातल्या मागच्या रांगेतूनही चुळबुळ ऐकू येते. चाल बांधणाऱ्याने ती जागा लिहिलेली नसते. लिहिली ती तबकडीने.

ती तबकडी कशाची होती? शेलॅकची, म्हणजे लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर इवलेसे किडे जो राळेसारखा थर चढवतात, तो खरवडून, धुऊन, वितळवून केलेली लाख. जगाला ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरच्या आणि मध्य प्रांताच्या जंगलांतून. बांगड्यांना लावायची तीच. दगडाची पूड आणि काजळी मिसळून तिच्या तबकड्या दाबायच्या. लढाई पेटली आणि समुद्र असुरक्षित झाला तेव्हा, एप्रिल १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने रेकॉर्ड कंपन्यांचा शेलॅकचा वापर सत्तर टक्क्यांनी कापला. नव्या तबकड्या करायला लोकांकडून जुन्या मागवून त्या भरडायला लागले. १ ऑगस्टपासून वादकांच्या युनियनने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, आणि व्हिक्टरशी समेट व्हायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. हे रेकॉर्डिंग दीड वर्षं उशिरा व्हायचं असतं तर झालंच नसतं. मार्चमध्ये गोंदियाकडे जाताना गाडीतून फुललेला पळस दिसतो तेव्हा मला नान्सचा ट्रम्पेट आठवतो, आणि बरोबरच्या कुणाला ते सांगायचं तर फार लांबून सुरुवात करावी लागते.

मुंबईत हे संगीत नुसतं तबकड्यांवरून नाही, माणसांच्या रूपानेही आलं होतं. अमेरिकन बँडवाला लिऑन ॲबे आपला बँड घेऊन १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. त्यानंतर ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या शेजारी बसून गोव्याची मुलं शिकली आणि मग स्वतःचे बँड काढले. मिकी कुरैया ताजमध्ये वर्षानुवर्षं वाजवत राहिले. चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणवले गेले, आणि आमच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर त्यांची जोडी जमली. १९५१ च्या 'अलबेला'त तो उसळता बँड आहे तो त्या जोडीचा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी रात्री जागून हिंदी गाण्यांची नोटेशनं लिहिली. ऐन सकाळी कागद वाटले जायचे, दुपारी गाणं तयार. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं क्वचितच यायची. यावर मी अंकलजवळ एकदा तावातावाने बोलले. ते म्हणाले, "कागद कुणाचा ते वाजवणाऱ्याला कळतं." त्यांना तेवढं पुरत असेल. मला पुरत नाही. ती नावं त्याच वेळी छापायला हवी होती.

अंकल तरुणपणी तबकडी लावून, सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून, एकेक भाग कागदावर उतरवून घ्यायचे. त्याला ते 'खेंचना' म्हणायचे: रेकॉर्डमधून सूर खेचून काढायचा. नान्सची जागा त्यांनी अशीच खेचली होती. कागद त्यांच्याकडे होता. पेन्सिलने लिहिलेला, घड्यांवर फाटलेला, मागे सेलोटेप लावलेली, आणि सेलोटेपही पिवळी पडलेली. एका ठिकाणी त्यांनी तीन वेळा खोडलं होतं. तिथे नान्स एक सूर नेमक्या उंचीवर लावत नाही, खालून सरकत वर आणतो. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये त्याला जागा नाही. "कसं लिहिणार?" ते म्हणाले. मी म्हटलं, "आमच्याकडे मींड म्हणतात." तो शब्द त्यांनी त्या खाडाखोडीच्या वर रोमन अक्षरांत लिहून ठेवला.

१९६३ मध्ये एलिंग्टन अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर बँड घेऊन भारतात आला. दौऱ्यात स्ट्रेहॉर्नही होता. बँड मुंबईला आला तेव्हा अंकल ऐकायला गेले होते. पण नान्स नव्हता. दौरा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो अमेरिकेला परतला होता. ट्रम्पेटच्या रांगेत बसला होता कूटी विल्यम्स, ज्याची खुर्ची सुटली म्हणून नान्स आला होता, तोच. बावीस वर्षांनी तो परत आला होता.

"मग ती जागा कोणी घेतली?" मी विचारलं.

अंकलनी नाव सांगितलं नाही. डोळे मिटून ती जागाच गायली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खालून सरकत येणाऱ्या त्या सुरासकट.

शेवटच्या वर्षात ते फार बोलत नसत. मी गेले की आम्ही सरळ 'ए ट्रेन' धरायचो. मी सॅक्सोफोन व्हायचे, सारेगममध्ये. ते ट्रम्पेट, सोल्फेजमध्ये. षड्ज बदलायच्या वळणावर मी नेहमी अडखळायचे, कारण आमच्या गाण्यात एकदा लावलेला सा असा मध्येच कुणी हलवत नाही. ते थांबायचे, टेबलावर बोटाने चार बार मोजायचे, आणि नव्या सा वर मला हाताला धरून न्यावं तसं नेऊन सोडायचे.

मूळ ध्वनिमुद्रणात शेवटचे आठ बार पुन्हा येतात, आणि पुन्हा येतात. दर वेळी आधीपेक्षा हळू आवाजात, गाडी लांब जावी तशी. अंकल तिथे तळहात खाली दाबत राहायचे: हळू, अजून हळू. माझा आवाज कुजबुजीवर यायचा, मग नुसता श्वास व्हायचा. मी गप्प झाल्यावरही त्यांचं बोट टेबलावर चालूच असायचं, ब्लँटनच्या चालीने, एक दोन तीन चार, आणि मी उठून चहाचं आधण ठेवेपर्यंत ते थांबायचं नाही.